मूल जेवत नाही? पदार्थ बदलण्याआधी क्रम बदला

दीड-दोन वर्षांचं मूल जेवत नाही म्हटलं की घरात पहिली धावपळ होते ती नव्या पदार्थासाठी. आज पराठा, उद्या पास्ता, परवा बीट घातलेलं धिरडं. मूल दोन घास खातं, तोंड फिरवतं, आणि तासाभरात ‘पोटात काहीच गेलं नाही’ म्हणून दुधाची बाटली पुढे येते. क्रम चुकतो तो इथेच. पदार्थ ही पाचवी पायरी आहे. त्याआधी भूक लागली पाहिजे, भूक लागायला वेळा ठरल्या पाहिजेत, आणि वेळा ठरायला अधलंमधलं बंद झालं पाहिजे.

खालचे टप्पे १ ते ३ वर्षांच्या, एरवी निरोगी असलेल्या मुलांसाठी आहेत. मूल बरंच आधी जन्मलेलं असेल, हृदयाचा किंवा पोटाचा आजार असेल, किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी माहीत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. सगळ्याला मिळून सहा ते आठ आठवडे लागतात. दोन टप्पे एकाच दिवशी सुरू करू नका. आठवा टप्पा मात्र आत्ताच वाचून ठेवा, तो पहिल्या दिवसापासून लागतो.

## टप्पा १: आधी मोजा, मग ठरवा

‘खात नाही’ हे बहुतेक वेळा डोळ्यांना वाटलेलं असतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, म्हणजे सहा-सात किलो वाढतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम अडीच किलो वाढतं, तिसऱ्या वर्षात दोनच्या आसपास. वाढ मंदावली की भूकही मंदावते. दहा महिन्यांचं असताना वाटीभर खिचडी संपवणारं मूल दीड वर्षाचं झाल्यावर अर्ध्या वाटीवर थांबलं, तर ते त्याच्या वयाला धरून आहे.

तीन कामं करा.

१. वजन आणि उंची घ्या. दर महिन्याला एकाच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, त्याचा फायदा घ्या. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात ठिपका मांडा आणि मागच्या ठिपक्यांना जोडा. एक ठिपका काही सांगत नाही, रेघ कुठे चालली आहे ते बघायचं. बारीक चणीचं मूल आपल्या रेघेला धरून वर जात असेल तर त्याला गुटगुटीत करायचा हट्ट सोडा.

२. दंडाचा घेर मोजून घ्या. अंगणवाडी सेविकेकडे त्याची रंगीत पट्टी असते. १२.५ सेंमी किंवा जास्त असेल तर ठीक. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर पोषण कमी पडतंय. ११.५ च्या खाली असेल तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात जा.

३. तीन दिवस वहीत लिहा. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट: दूध किती मिली, बिस्किटं किती, शेजारच्या काकूंनी दिलेली चकली, आजोबांच्या चहातला घोट. वाटी किती मावते तेही मापाने मोजून ठेवा. घरातली आमटीची छोटी वाटी बऱ्याचदा १०० ते १५० मिलीची निघते, आणि २५० मिलीच्या वाटीचा हिशेब धरून आई उगाच चिंता करत बसते.

तपासा: ओठ, हिरड्या, तळहात फिके दिसतात का? मूल माती, भिंतीचा पोपडा, खडू खातं का? तसं असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी झालं की भूकच मरते, मग ताटात काहीही वाढा. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात या वयाला लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिली दिलं जातं. आशाताईंना विचारून घ्या. जंताचं औषधही वर्षभरात चुकलं नसल्याची खात्री करा.

## टप्पा २: भूक मारणाऱ्या गोष्टी बाजूला काढा

वहीतली तीन पानं समोर घेऊन बसलात की उत्तर बहुतेक तिथेच सापडतं. समजा दिवसाला २०० मिलीच्या चार बाटल्या जातात. म्हणजे ८०० मिली दूध. गाईचं असेल तर त्यातून साधारण ५०० कॅलरी जातात, म्हशीचं सकस दूध असेल तर ८०० च्या आसपास. या वयाच्या मुलाची दिवसभराची गरजच सुमारे १,००० कॅलरींची. त्यावर चार मारी बिस्किटं म्हणजे आणखी शंभर. आता पोळी-भाजीला जागा कुठे उरली? मूल नखरे करत नाही, त्याचं पोट भरलेलं आहे.

दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह शोषू देत नाही. म्हणून ‘जेवला नाही तर निदान दूध तरी’ या सवयीतून मूल दिसायला गोरंगोमटं, गुबगुबीत आणि आतून रक्त कमी असलेलं होऊ शकतं.

वरचं दूध दिवसाला ४०० मिलीपर्यंत, फार तर ५०० मिलीपर्यंत आणायचं. कसं ते असं:

१. आधी दिवसाच्या बाटल्या घ्या, रात्रीची शेवटी. दर दोन दिवसांनी प्रत्येक बाटलीतून ३० मिली कमी करा.

२. दुधात पाणी घालून मात्रा तेवढीच ठेवू नका. पोट तेवढंच फुगतं आणि पोषण घटतं. मात्राच कमी करायची.

३. दूध जेवणानंतर किंवा मधल्या वेळेला, उघड्या पेल्यातून. पहिले काही दिवस पेल्यात दोनच घोट ओता म्हणजे सांडलं तरी चालेल. वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाला पेला जमतो, दीड वर्षाच्या आत बाटली पूर्ण सुटली पाहिजे.

४. रात्री झोपेत बाटली तोंडात देणं सगळ्यात शेवटी, पण नक्की बंद करा. दुधातली साखर रात्रभर दातांवर राहते आणि पुढचे वरचे दात किडतात. दुखऱ्या दातांनी कोण चावून खाणार?

अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका. दोन वर्षं आणि त्यापुढेही ते चालू ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फक्त वेळ बदला: जेवणाआधीच्या तासाभरात नको, जेवण झाल्यावर. अशा बाळाला वरचं दूध आणखी कमी पुरतं.

दुधासोबत बिस्किटं, टोस्ट, खारी, कुरकुरीत पुड्या, डबाबंद रस, चहा आणि चॉकलेटी चवीच्या पावडरी घरातून बाहेर. कपाटात वर ठेवून भागत नाही, मुलाला डबा कुठला ते पक्कं ठाऊक असतं. दोन वर्षांच्या आत फळांचा रस देऊच नका, ताजा काढलेलाही नको. चोथा टाकून साखरपाणी उरतं, आणि एका पेल्यात तीन मोसंब्यांचा गोडवा एका दमात जातो. चहातलं टॅनिनसुद्धा लोह अडवतं, त्यामुळे ‘चहात बुडवलेली पोळी तेवढी खातो’ हा सौदा तोट्याचा आहे. गुळ घातला म्हणून गोड पौष्टिक होत नाही, गुळ हीदेखील साखरच.

सावधान: या दहा दिवसांत रडारड होणार. दूध कमी झाल्यावर पहिले तीन-चार दिवस जेवण वाढत नाही, आणि बरोबर चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी हार मानून पूर्ण बाटली देतं. मग मूल एकच गोष्ट शिकतं, की चार दिवस रडलं की बाटली मिळते. मूल खेळतंय, दिवसातून पाच-सहा वेळा शू करतंय, तरतरीत आहे, तर थांबा. सुस्त पडलं, लघवी कमी झाली तर मात्र डॉक्टर.

## टप्पा ३: घड्याळ लावा

दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तास. त्यात फक्त पाणी, अपवाद रात्री झोपण्याआधीच्या दुधाचा. दिवसाला तीन जेवणं आणि दोन मधले खाऊ. नमुना असा:

सकाळी ८ नाश्ता
साडेदहा फळ
एक जेवण, मग झोप
४ खाऊ आणि अर्धा पेला दूध
७ ते साडेसात जेवण
साडेआठ अर्धा-पाऊण पेला दूध, दात घासणं, झोप

वेळा तुमच्या घराप्रमाणे पुढेमागे करा, अंतर मोडू नका.

रात्रीच्या जेवणाची गडबड बहुतेक घरांत एकसारखी असते. मोठ्यांची पानं साडेनऊला पडतात, मूल आठला झोपेला येतं. झोपाळलेलं मूल जेवत नाही, किरकिरतं. त्याचं जेवण सातला करा, आणि त्याच्या शेजारी एका मोठ्या माणसाने थोडंसं काहीतरी खात बसायचं. दुसरी गडबड संध्याकाळी सहाची. बाबा किंवा आजोबा बाहेरून आले की हातात खाऊ असतो. सहाला केळं-बिस्किट खाल्लेल्या मुलाला सातला भूक कशी लागेल? बाहेरून आणलेला खाऊ दुसऱ्या दिवशी चारच्या वेळेला द्यायचा, हा घराचा नियम करा.

जेवताना थोडंच खाल्लं आणि तासाभरात ‘भूक’ म्हणालं तर? पाणी द्या, पुढची वेळ सांगा: ‘झोपून उठलास की खाऊ.’ चारचा खाऊ वीस-पंचवीस मिनिटं लवकर दिला तर बिघडत नाही. पण लगेच वेगळं काही करून देऊ नका.

तपासा: आठवड्याभराने मूल जेवणाच्या वेळेला स्वतःहून ओट्यापाशी घुटमळतं का, ताट दिसल्यावर हात पुढे करतं का? करत असेल तर पुढे जा. नसेल तर वही पुन्हा उघडा, कुठूनतरी काहीतरी आत जातंय.

## टप्पा ४: जागा आणि बैठक

एकच जागा ठरवा. खुर्ची असेल तर पाठ ताठ, गुडघे वाकलेले आणि पाय टेकलेले हवेत. लोंबकळत्या पायांनी मूल चुळबुळ करतं, कारण तोल सांभाळण्यातच त्याचं लक्ष जातं. खुर्चीखाली पाट किंवा उपडा डबा ठेवून पाय टेकवा. जमिनीवर बसत असाल तर भिंतीला टेकून बुटका पाट, समोर ताट, बाजूला मोठं माणूस त्याच्या डोळ्यांच्या उंचीला.

वाटी घेऊन सोसायटीभर फिरणं बंद. चालता-धावता घास अडकण्याची भीती असते, आणि खाणं म्हणजे फिरणं हे समीकरण बसतं. ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ याला हरकत नाही, मुलाचं लक्ष घासावर असेल तोवर. खिडकीतला कावळा दाखवून तोंड उघडल्याबरोबर चमचा आत सारला, तर तो खेळ राहत नाही, फसवणूक होते.

मोबाइल आणि टीव्हीचंही तेच. पडद्याकडे बघताना मुलाला पोट भरल्याचं कळत नाही, चवही कळत नाही. काही मुलं घास गालात धरून बसतात ती याचमुळे, गिळायची आठवणच राहत नाही. सोडवायचं असेल तर सगळ्या वेळा एकदम बंद करू नका. सकाळच्या फळाच्या वेळेपासून सुरुवात करा, कारण तिथे ‘पोट भरलं नाही’ ही धास्ती कमी असते. तीन दिवसांनी नाश्ता, मग चारचा खाऊ, मग जेवणं. आणि मोठ्यांचे फोनही त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

जेवणाला २० ते ३० मिनिटं. मग ताट उचलायचं, राग न करता. दीड तास चाललेल्या जेवणात शेवटच्या तासात दोन-चार घासच जातात, आणि मुलाचा जेवणावरचा राग तेवढा वाढतो.

हातांनी खाऊ द्या. भात केसांना लागेल, वरण कोपरापर्यंत ओघळेल. खाली जुना पेपर अंथरा, लाळेरं बांधा. भरवायचंच असेल तर दोन चमचे ठेवा: एक त्याच्या हातात, एक तुमच्या. दीड वर्षाच्या आसपास चमचा तोंडापर्यंत नीट जायला लागतो, पण त्याआधी सांडण्याचे पुष्कळ दिवस जावे लागतात.

## टप्पा ५: ताट वाढणं

आता पदार्थ. काय, कधी आणि कुठे हे तुम्ही ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ही वाटणी एकदा पक्की केलीत की निम्मी भांडणं मिटतात.

दीड वर्षाच्या मुलाचं दुपारचं ताट साधारण असं वाढा: मऊ भात ३ मोठे चमचे, घट्ट वरण ३ मोठे चमचे, १ छोटा चमचा साजूक तूप, लाल भोपळ्याची किंवा पालेभाजीची मऊ भाजी १ ते २ मोठे चमचे, वरून दोन थेंब लिंबू. मागितलं तर पुन्हा वाढा. काठोकाठ भरलेलं ताट बघूनच मूल मागे सरतं. एका जेवणातलं एकूण खाणं हळूहळू २५० मिलीच्या वाटीच्या पाऊण ते पूर्ण भागापर्यंत जातं, पण ते सरासरीने. एका दिवशी मूल तीन घास खाईल, दुसऱ्या दिवशी दुप्पट. हिशेब आठवड्याचा ठेवा.

ताटात होणाऱ्या चुका जरा नीट बघू, कारण मन लावून रांधणाऱ्या घरांतही त्या होतात.

पातळपणा. वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, भाज्यांचं सूप. पोट पाण्याने भरतं. साधी परीक्षा: चमचा तिरका केला तरी पदार्थ चमच्यात राहिला पाहिजे. लगेच ओघळला तर पातळ आहे.

डाळ कमी. खिचडीत तांदूळ दोन वाट्या आणि डाळ मूठभर असते. प्रमाण २ वाट्या तांदळाला १ वाटी मूगडाळ ठेवा. कुकरमध्ये चौपट पाणी, हळद, जिरं, हिंग, चिरलेली भाजी, चार-पाच शिट्ट्या. मग रवीने न घोटता पळीने दाबून मोडा. तूप वाढताना घाला.

तूप-तेलाची भीती. मोठ्यांचा पथ्याचा नियम मुलाला लावू नका. त्याचं पोट लहान असतं, थोड्या घासात जास्त ताकद हवी. दोन वर्षांपर्यंत साय काढलेलं दूधही नको.

तिखटाचा प्रश्न. मुलासाठी वेगळं रांधू नका. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता घाला, भाजी शिजवा, मुलाचा वाटा काढा आणि मग तिखट-मीठ वाढवा. मिठाचा हात अगदी हलका. कोथिंबीर, लसूण, खोबरं यांच्या चवी लागूच द्या, अळणी पांढऱ्या खाण्याने जीभ तयार होत नाही.

भाकरी ‘जड’ म्हणून टाळणं. ज्वारी-नाचणीची गरम भाकरी घ्या, कडक पापुद्रा काढा, आतला मऊ भाग बोटांनी बारीक चुरा, त्यावर गरम घट्ट वरण घाला आणि झाकून पाच मिनिटं ठेवा. मुरलेली भाकरी भाताइतकीच सहज जाते. नाचणीचं पीठ वापरताना मोड आणून, वाळवून, दळून कोंड्यासकट घ्या. कपड्यातून गाळलेल्या पांढऱ्या सत्त्वात बरंचसं पिष्टच उरतं.

लोहासाठी रोज काहीतरी हवंच: अंडं, मटण-चिकनचं बारीक केलेलं मऊ मांस (मांस शिजवलेलं नुसतं अळणी पाणी नव्हे, त्यात मांस उतरत नाही), मासा, नाहीतर मसूर, मोडाची मटकी शिजवून, माठ, शेवग्याचा पाला, भिजवलेले अळीव अर्धा छोटा चमचा. शाकाहारी ताटात लिंबू, पेरू किंवा आवळा सोबत आला तर त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. अंडं पूर्ण शिजलेलं द्या, सुरुवात पाव अंड्यापासून. मासा देताना एक एक तुकडा उजेडात बोटांनी कुस्करून काटे काढा. बांगड्यात बारीक काटे फार असतात, पापलेट सोपा पडतो.

चारच्या खाऊला: केळं, चिकू, पपई, उकडलेलं रताळं, दही-पोहे, मुगाचं धिरडं, शेंगदाण्याचा बारीक कूट घातलेली दुधीची दशमी, खजूर बी काढून बारीक चिरून. शेंगदाणा पहिल्यांदा देताना कूट चिमूटभर, सकाळच्या वेळी, आणि दोन तास अंगावर गांधी, उलटी, सूज येत नाही ना ते बघा.

## टप्पा ६: मिक्सर बंद करा

सगळं मिक्सरमधून काढून भरवलेलं मूल दोन वर्षांचं होऊनही चावत नाही. चावायला शिकायची वेळ नऊ-दहा महिन्यांच्या आतच सुरू होते. उशीर झाला असेल तर पायऱ्यांनी उतरा, प्रत्येक पायरीला पाच-सात दिवस:

१. मिक्सरऐवजी रवीने घोटलेलं.
२. पळीने किंवा हाताने दाबून मोडलेलं.
३. बोटाएवढे मऊ तुकडे वेगळे: उकडलेलं गाजर, बटाटा, दुधी, पिकलं केळं, धिरड्याची पट्टी. दोन बोटांत दाबल्यावर चिरडलं गेलं पाहिजे.
४. घरचं जेवण, मऊ केलेलं.

एक चूक हमखास होते: गुळगुळीत पेजेत मधेच गाठी सोडतात. पातळ गिळण्याच्या तयारीत असलेल्या जिभेला अचानक गाठ लागते आणि मूल ओकारी काढतं. पातळ वेगळं, तुकडा वेगळा द्या.

ओकारी आणि गुदमरणं यात फरक आहे. ओकारीत आवाज येतो, मूल खोकतं, तोंड लाल होतं, तुकडा पुढे येतो. तेव्हा घाबरून बोट घालू नका. गुदमरताना आवाज येत नाही, रडता येत नाही, ओठ निळे पडू लागतात.

सावधान: चार-पाच वर्षांपर्यंत हे देऊ नका: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बदाम, लाह्या-मक्याच्या फुल्या, कडक गोळ्या, कच्च्या गाजराचे तुकडे, बियांसकट बोरं, जांभळं आणि सीताफळ. द्राक्ष उभं चार भागांत चिरूनच.

गुदमरलं तर: मूल एक वर्षावरचं असेल तर त्याला पुढे वाकवा आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा. निघालं नाही तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके द्या. आळीपाळीने करत राहा. दिसत नसलेल्या तुकड्यासाठी घशात बोट फिरवू नका. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. बेशुद्ध पडलं तर सपाट जमिनीवर झोपवून लगेच छातीवर दाब आणि श्वास सुरू करा. घरातल्या सगळ्यांनी, सांभाळणाऱ्या ताईंनीही, हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

## टप्पा ७: नवी भाजी, पुन्हा पुन्हा

दीड-दोन वर्षांनंतर मुलं अनोळखी पदार्थाला बिचकतात. कालपर्यंत खाल्लेली भेंडीही अचानक नकोशी होते. हा वाढीतला एक काळ आहे, खोडी नव्हे. एखादी भाजी मान्य व्हायला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा ताटात यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या वेळेला ‘याला आवडत नाही’ म्हणून थांबतात.

दोन ओळखीच्या पदार्थांशेजारी वाटाण्याएवढी नवी भाजी वाढा. मूल हात लावेल, वास घेईल, चाटून थुंकेल. हे सगळं मोजणीत धरा. दोन-तीन दिवसांनी तीच भाजी पुन्हा, वेगळ्या रूपात: पालक आज वरणात, मग धिरड्यात, मग नुसता परतलेला. पराठ्यात लपवणं वाईट नाही, पण फक्त लपवत राहिलात तर मुलाची त्या भाजीशी ओळख होत नाही. भाजी निवडायला शेजारी बसवा, मेथीची पानं खुडू द्या.

तोंडातले शब्दही बदला. ‘एवढा एक घास आईसाठी’, ‘संपव, मग चॉकलेट’, ‘बघ, दादा किती शहाणा’ ही तिन्ही वाक्यं बंद. चॉकलेटची लाच दिली की मूल इतकंच शिकतं, की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. त्याऐवजी: ‘ही गवार. आत बघ, दाणे आहेत.’ आणि तोंड फिरवलं तर ‘पोट भरलं? बरं.’ मुलासमोर पाहुण्यांना ‘हा भाजी खातच नाही हो’ सांगू नका, ते ऐकतं आणि तसंच वागतं. नाक दाबून, हात धरून भरवणं तर कधीच नको. त्यातून उलटी होते आणि ताट बघूनच रडणारं मूल तयार होतं.

## टप्पा ८: आजी, पाळणाघर आणि आजारपण

नियम एकाच माणसाने पाळून चालत नाही. वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आजी-आजोबांना नुसतं ‘हे देऊ नका’ सांगण्यापेक्षा एक वेळ त्यांच्या हाती सोपवा: साडेदहाचं फळ आजोबांनी कापायचं आणि नातवंडासोबत बसून खायचं. लाड करायला त्यांना जागा मिळते आणि बिस्किटाचा पुडा आपोआप मागे पडतो. प्रसादाचा कण, सणाचा अर्धा पुरणपोळीचा घास याने काही बिघडत नाही. रोजचा पुडा बिघडवतो. पाळणाघरात डब्यासोबत चिठ्ठी द्या: काय आहे, किती वाजता, आणि राहिलं तर राहू द्या.

तापात, सर्दीत भूक जाते. वेळा सैल करा, थोडं थोडं आणि वरचेवर द्या, पाणी जास्त. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा, त्या काळात मुलं गेलेलं वजन भरून काढतात. जुलाबात जेवण बंद करू नका. ओआरएस द्या आणि झिंकची गोळी १४ दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने. मूल बरं होऊन आठवडा झाला की घड्याळ पुन्हा लावा. आजारपणातली बाटली आणि मोबाइल तसेच चालू राहिल्याने सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

भूक वाढवणारं टॉनिक दुकानातून आपल्या मनाने आणू नका. त्यातली काही औषधं झोप आणणारी असतात, औषध थांबलं की भूकही पूर्वीसारखीच होते, आणि खरं कारण, म्हणजे रक्तक्षय, बद्धकोष्ठ किंवा दुधाचा अतिरेक, तसंच राहतं.

## डॉक्टरांकडे कधी जायचं

दोन-तीन महिने वजन वाढलं नाही किंवा घटलं. पाणी पितानाही दर वेळी ठसका लागतो. सव्वा-दीड वर्षानंतरही एकही तुकडा चावत नाही. खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी पंधराच्या खाली येऊन आणखी आटत चालली आहे. खाण्यासोबत बोलणं किंवा नजरेला नजर देणंही मागे आहे. वारंवार जुलाब, उलट्या, किंवा कडक शौचाने रडणं. यातलं एकही असेल तर घरचे प्रयोग थांबवा. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, तीन दिवसांची ताजी वही आणि दूध मोजायचा तो पेला सोबत घ्या. ‘काहीच खात नाही’ असं सांगण्यापेक्षा ‘६५० मिली दूध, दोन बिस्किटं, चार चमचे भात’ असं सांगितलंत तर डॉक्टरांना नेमकं कारण शोधता येतं.